मोडलेल्या मोटारीचें मोल



बुलढाण्याहून मलकापूरच्या दिशेनें निघालें म्हणजे राजूरचा घाट उतरावा लागतो. खामगांवची वाट धरली तर बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगेचें अभयारण्य ओलांडावें लागतें. जिल्ह्याच्या उत्तरेस मलकापूर, नांदुरा, खामगांव या गांवांवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग रात्रंदिवस वाहत असतो, आणि दक्षिणेस मेहकर, सिंदखेडराजा या बाजूनें २०२२ च्या डिसेंबरापासून समृद्धि महामार्गही वाहूं लागला आहे. रस्ते वाढले, वेग वाढला, आणि मध्यम स्थितींतल्या कुटुंबाच्या दारांतही मोटार उभी राहिली. त्याबरोबरच एक नवें संकटही दाराशीं येऊन उभें राहिलें.

याच महामार्गावर १ जुलै २०२३ च्या रात्रीं सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी दगावले. अशा प्रसंगापुढें लोखंडाच्या नुकसानीची कथा ती काय? माणसें सुखरूप राहिलीं आणि केवळ गाडीचा चुराडा झाला, तर प्रथम देवाचे आभारच मानावे. परंतु आभार मानून झाल्यावर, चार सहा वर्षांच्या बचतीनें घेतलेली आणि बँकेचे हप्ते अद्याप फिटावयाचे असलेली ती गाडी डोळ्यांपुढें उभी राहतेच. गॅरेजवाला सांगतो, "साहेब, हिच्यांत आतां कांहीं राम राहिला नाहीं." मग कांहीं दिवसांनीं विमा कंपनीचें पत्र येतें. त्यांत एक आंकडा असतो आणि खालीं सहीसाठीं जागा. तो आंकडा कोठून आला, तो मान्य करावा कीं नाहीं, आणि मान्य नसल्यास कोणत्या आधारावर बोलावें, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत धरला पाहिजे. मोटारीचा विमा म्हणजे वस्तुतः दोन निरनिराळे करार असतात. आपल्या गाडीमुळें दुसऱ्यास इजा झाली तर त्याची भरपाई करण्याचा जो विमा, तो आपल्या देशांत १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें आला आणि १९४६ पासून सक्तीचा झाला. आजच्या १९८८ च्या कायद्यांतही ती सक्ती कायम आहे. लोक त्यास 'थर्ड पार्टी' म्हणतात. ज्यानें स्वस्त पडतो म्हणून केवळ हाच विमा घेतला असेल, त्यास स्वतःच्या मोडलेल्या गाडीपायीं एक पैसाही मिळणार नाहीं, आणि त्याबद्दल कंपनीस दोष देतां येणार नाहीं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा निराळा घ्यावा लागतो. आजचें विवेचन या दुसऱ्या विम्यापुरतेंच आहे.

या विम्याच्या कागदावर एक आंकडा ठळक छापलेला असतो. त्यास विमा कंपन्यांच्या भाषेंत 'आयडीव्ही', म्हणजे विमेदारानें घोषित केलेली किंमत, असें म्हणतात. गाडी पूर्णपणें नष्ट झाली असतां जास्तीत जास्त किती रक्कम मिळेल, हें हा आंकडा ठरवितो. तो काढण्याची रीत अशी: कारखानदाराची त्या प्रकारच्या गाडीची विक्रीची जाहीर किंमत घ्यावयाची आणि तींतून गाडीच्या वयाप्रमाणें घसारा वजा करावयाचा. सहा महिन्यांच्या आंतील गाडीस ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पांच वर्षांपर्यंत ५० टक्के, असा हा घसारा आहे. पांच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनीं परस्परसंमतीनें ठरवावयाची असते. नोंदणीचा खर्च, रस्त्याचा कर आणि विम्याचा हप्ता यांचा या किंमतींत समावेश होत नाहीं. गाडी दारांत आणतांना जो एकंदर खर्च झाला, त्याहून हा आंकडा बराच कमी दिसतो त्याचें एक कारण हें आहे.

येथें अनेक घरांत एक चूक होते. विम्याचें नूतनीकरण करतांना हप्ता हजार पांचशें रुपयांनीं कमी व्हावा म्हणून आपण घोषित किंमत खालीं आणण्यास संमति देतों, आणि अपघात झाल्यावर तीच किंमत अन्यायाची वाटूं लागते. परंतु ती आपणच मान्य केलेली असते. म्हणून भरपाईच्या वाटाघाटीचा खरा आरंभ अपघातानंतर नव्हे, तर नूतनीकरणाच्या दिवशीं होतो.

उलट पक्षीं, कंपनीसही ही किंमत बंधनकारक आहे. प्रचलित विमापत्राच्या अटींत असें स्पष्ट म्हटलेलें आहे कीं, संपूर्ण नुकसानीच्या दाव्यापुरती ही घोषित किंमत विम्याच्या सबंध मुदतींत, आणखी घसारा न कापतां, गाडीची बाजारकिंमत म्हणून धरली जाईल. तेव्हां "तुमची गाडी आतां जुनी झाली, बाजारांत हिला इतके पैसे येत नाहींत," असें कोणी म्हणाल्यास त्या अटीवर बोट ठेवावें. सर्वोच्च न्यायालयानेंही २००८ सालीं धर्मेंद्र गोयल यांच्या प्रकरणांत असाच कौल दिला. विमा उतरवितांना जी किंमत मान्य करून कंपनीनें हप्ता घेतला, ती दाव्याच्या वेळीं मनमानेल तशी खालीं ओढतां येत नाहीं, हें त्या निकालाचें सार आहे.

आतां 'संपूर्ण नुकसान' कशास म्हणावें? गाडी घाटाखालीं जाऊन तिचे तुकडे झाले, तर प्रश्नच उरत नाहीं. पण पुष्कळदां ती दुरुस्त होऊं शकते, मात्र खर्च अवाच्या सवा येतो. त्यासाठीं नियम असा कीं, गाडी आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च, विमापत्राच्या अटींना अधीन राहून, घोषित किंमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी संपूर्ण नष्ट झाली असें मानावयाचें. या वाक्यांतील 'अटींना अधीन राहून' हे शब्द लहान दिसले तरी फार महत्त्वाचे आहेत. गॅरेजनें केलेला अंदाज आणि कंपनीनें मान्य केलेला खर्च या दोन निराळ्या गोष्टी होत. दुरुस्तींत जे नवे भाग बसवावयाचे, त्यांवरही घसारा कापला जातो: रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणें, कांचेवर मात्र कांहीं नाहीं.

हिशेबानें ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. समजा, बुलढाण्यांतील एका शिक्षकाची मोटार आहे. तिची जाहीर किंमत १० लाख रुपये, आणि नूतनीकरणाच्या वेळीं तिला दोन वर्षें पूर्ण होऊन कांहीं महिने झाले होते. ३० टक्के घसारा जाऊन घोषित किंमत ७ लाख ठरली. तिचे ७५ टक्के म्हणजे ५ लाख २५ हजार. राजूरच्या घाटांत गाडी कठड्यावर आदळली. गॅरेजनें ६ लाख १० हजारांचा अंदाज दिला. शिक्षकांस वाटलें, मर्यादा ओलांडली, आतां ७ लाख मिळणार. पण सर्व्हेयरनें भागांवरील घसारा आणि कांहीं नामंजूर बाबी वगळून मान्य खर्च ५ लाख ५ हजार ठरविला. म्हणजे गाडी दुरुस्त होणार, १ लाख ५ हजार रुपये शिक्षकांनीं पदरचे घालावयाचे, आणि वर ठोकून सरळ केलेली गाडी चालवावयाची.

अशा वेळीं काय करावें? रागावून उपयोग नाहीं. पहिला अंदाज बहुधा बाहेरून दिसणाऱ्या मोडतोडीचा असतो. गाडी उघडल्यावर सांगाड्याचा मुख्य दांडा वांकलेला आढळतो, इंजिनाचें कवच तडकलेलें आढळतें. म्हणून गाडी खोलून पुन्हां पाहणी करावी आणि पुरवणी अंदाज घ्यावा, अशी लेखी मागणी करावी. या पुरवणींत आणखी ३५ हजारांचा खर्च मान्य झाला, तर एकूण ५ लाख ४० हजार होऊन मर्यादा ओलांडली जाते आणि सबंध प्रकरणाचें स्वरूप पालटतें. मात्र जें मोडलें तेंच दाखवावें. अंदाज फुगविण्यास गॅरेज तयार असलें तरी आपण त्यांत सामील होऊं नये, कारण खोटा दावा सिद्ध झाल्यास खरा हक्कही बुडतो.

सर्व्हेयर हा कोण, हेंही समजून घेतलें पाहिजे. त्यास नेमते आणि त्याची फी देते विमा कंपनी, तथापि त्यास परवाना देतें विमा नियामक प्राधिकरण, आणि निःपक्षपातीपणें नुकसान मोजणें हें त्याचें कर्तव्य आहे. त्याच्या अहवालाची प्रत मागण्याचा विमेदारास अधिकार आहे. ती मागितल्यावांचून पुढची बोलणीं करणें म्हणजे प्रश्नपत्रिका न वाचतां उत्तर लिहिण्यासारखें आहे. हा अहवाल महत्त्वाचा खरा, पण तो अंतिम शब्द नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं प्रदीप कुमार यांच्या प्रकरणांत हें निःसंदिग्ध सांगितलें आहे. अहवालांतील एखादी बाब चुकीची असेल तर ती आधारासह दाखवून द्यावी. केवळ "आम्हांस हें मान्य नाहीं" एवढें लिहून भागत नाहीं.

गाडी संपूर्ण नष्ट झाली असें ठरल्यावर घासाघीस सुरू होते ती सांगाड्याच्या किंमतीवरून. येथें दोन मार्ग असतात. पहिला, सांगाडा कंपनीनें अथवा तिच्या ग्राहकानें न्यावा आणि मालकास पूर्ण घोषित किंमत, सक्तीची वजावट कापून, मिळावी. ही वजावट १५०० घनसेंटीमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीस १००० रुपये आणि त्यावरील मोटारीस २००० रुपये आहे. दुसरा मार्ग, सांगाडा मालकानें ठेवावा आणि त्याची किंमत वजा करून बाकीची रक्कम घ्यावी. कित्येकदां विमेदारापुढें हा दुसराच मार्ग असा ठेवला जातो, कीं जणूं तो एकमेव आहे.

आपल्या शिक्षकांचेंच उदाहरण पुढें चालवूं. कंपनी म्हणते, सांगाड्याची किंमत २ लाख २० हजार; ती ७ लाखांतून वजा करून, आणखी १००० कापून, ४ लाख ७९ हजार घ्या आणि गाडी तुमच्याजवळ ठेवा. शिक्षक खामगांव आणि अकोला येथील भंगारवाल्यांकडे चौकशी करतात, तर दीड लाखाच्या वर कोणी जात नाहीं. आतां उत्तर एकच आणि तें शांतपणें द्यावें: "सांगाड्यास २ लाख २० हजार देणारा ग्राहक आपणांपाशीं असेल, तर त्यास तो खुशाल नेऊं द्यावा. मला घोषित किंमत पूर्ण मिळावी." ज्या बोलीच्या आधारें वजावट केली, त्या बोलीचा कागद मागावा, ती किती दिवस वैध आहे तें विचारावें, आणि आपण मिळविलेल्या लेखी बोली सोबत जोडाव्या. बोली खरी असेल तर कंपनीचें कांहींच बिघडत नाहीं. ती नुसती कागदावरची असेल तर आंकडा आपोआप खालीं येतो. दीड लाख धरले तर शिक्षकांस सांगाडा ठेवून ५ लाख ४९ हजार मिळतात. फरक सत्तर हजारांचा, आणि तो केवळ एका पत्रानें पडतो.

सांगाडा देतांना एक खबरदारी अवश्य घ्यावी. नष्ट झालेल्या गाडीचे कागद आणि चासीचा क्रमांक यांना चोरट्या बाजारांत मोल असतें. चोरलेल्या गाडीवर तो क्रमांक घालून ती विकली जाते आणि पोलीस मूळ मालकाच्या दारीं येतात. गाडी कायमची निकामी झाली असतां १४ दिवसांत अथवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्यास कळवावें, असें मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमांत सांगितलें आहे. आपल्याकडील एमएच २८ च्या गाड्यांसाठीं हें काम बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयांत होतें. सांगाडा विकल्यास रक्कम बँकेंत जमा झाल्यावरच किल्ली आणि कागद हातावेगळे करावे, आणि त्याची पोंच घ्यावी.

कर्ज असल्यास कंपनीचा पैसा प्रथम बँकेकडे जातो आणि उरलेला मालकास मिळतो. कर्जबाकी भरपाईहून अधिक असेल, तर गाडी गेली तरी फरक फेडावाच लागतो. दावा चालूं असतां हप्ते थांबवूं नयेत. 'झीरो डेप्रिसिएशन' नांवाची जी जादा सवलत घेतली जाते, ती भागांवरील घसाऱ्यापुरती असते. गाडी संपूर्ण गेल्यावर तिचा लाभ होत नाहीं. त्यासाठीं 'रिटर्न टू इन्व्हॉईस' ही निराळी सवलत असते, तिनें मूळ खरेदीची किंमत मिळूं शकते. दोहोंची गल्लत करूं नये.

अपघाताच्या पहिल्या कांहीं तासांत काय केलें, यावर पुढचें पुष्कळ अवलंबून असतें. जखमींची व्यवस्था झाल्यावर गाडीचीं छायाचित्रें घ्यावीं, पोलिसांत वर्दी द्यावी, आणि कंपनीस त्याच दिवशीं कळवावें. गाडी ओढून नेण्याचा खर्च प्रचलित विमापत्रांत खासगी मोटारीस १५०० रुपयांपर्यंतच मिळतो. घाटांतून गाडी काढून अकोल्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास नेण्यास तो पुरत नाहीं, म्हणून कोठें न्यावयाची हें कंपनीस विचारून लेखी ठरवावें. पुरांत गाडी बुडाली तर इंजिन सुरू करून पाहूं नये. २०२३ च्या जुलैंत संग्रामपूर आणि जळगांव जामोद तालुक्यांत जसा पूर आला, तशा प्रसंगीं हा मोह अनेकांस होतो. पाणी शिरलेलें इंजिन चालविल्यानें जें मोडतें, तें पुरामुळें नव्हे तर चालविल्यामुळें मोडलें, असें म्हणून कंपनी तो खर्च नाकारूं शकते.

परवाना नसलेल्यानें अथवा मद्य घेतलेल्यानें गाडी चालविली, तर दाव्याचा पायाच ढासळतो. खासगी मोटार पैसे घेऊन शेगांवच्या यात्रेस दिली, तरी अट मोडते. मात्र अशा दुसऱ्या प्रकारच्या भंगाबद्दल दावा सर्वस्वीं फेटाळणें योग्य नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं अमलेंदु साहू यांच्या प्रकरणांत ठरवून कांहीं भरपाई देवविली. तेव्हां चूक झाली असल्यास ती लपवूं नये. खरें सांगून अंशतः भरपाई मागावी.

आतां शेवटच्या सहीविषयीं. कंपनी पैसे देतांना 'पूर्ण आणि अंतिम भरून पावलों' अशी पावती मागते. अशा सहीनें विमेदाराचा हक्क आपोआप नष्ट होत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालींच सांगितलें आणि विमा नियामकानेंही २०१५ सालीं कंपन्यांस बजावलें. परंतु सही फसवणुकीनें किंवा दडपणाखालीं घेतली, हें सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. म्हणून वाद शिल्लक असेल तर रक्कम घेतांनाच 'उर्वरित रकमेचा हक्क राखून' असें लिहावें आणि त्याच दिवशीं तसें पत्र पाठवावें.

दिरंगाईस औषध आहे. २०१७ च्या नियमांनीं सर्व्हेयर ७२ तासांत नेमावा, त्यानें ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवालानंतर ३० दिवसांत कंपनीनें निर्णय द्यावा, असें बंधन घातलें. २०२४ मध्यें या मुदती आणखी आवळण्यात आल्या. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून समाधान झालें नाहीं तर विमा लोकपालाकडे जावें. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात. मुंबईचा परिसर वगळतां महाराष्ट्राच्या तक्रारी पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे जातात. कंपनीनें नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आंत तक्रार केली पाहिजे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नव्हे. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याप्रमाणें आपण राहतों त्याच जिल्ह्यांत, म्हणजे बुलढाण्यासच, तक्रार दाखल करतां येते. तिची मुदत दोन वर्षांची. एकच तक्रार एकाच वेळीं दोन्हीकडे चालत नाहीं, एवढें लक्षांत असूं द्यावें.

सारांश काय? गाडीवर आपलें किती प्रेम होतें, तिच्यांतून मुलीची वरात कशी निघाली, हें विमा कंपनीस सांगून उपयोग नाहीं. त्या गोष्टींचें मोल करारांत लिहिलेलें नसतें. जें लिहिलेलें असतें तें मात्र पूर्णपणें आपलें असतें, आणि तें मागण्यांत संकोच वाटण्याचें कारण नाहीं. पत्र लिहितांना चार ओळी पुरतात: घोषित किंमत किती, मान्य खर्च किती, सांगाड्याची बोली कोणाची, आणि कंपनीच्या आंकड्यांत नेमका फरक कोठें आहे. आवाज चढवून जें होत नाहीं, तें या चार ओळींनीं बहुधा होतें.

तूर्त एवढेंच करावें. आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर कपाटांतलें विमापत्र बाहेर काढावें, आणि घरांतील दोघां-तिघांनीं मिळून तें वाचावें; कारण अपघाताच्या दिवशीं तें शोधण्याची पाळी बहुधा घरांत मागें राहिलेल्यांवर येते. घोषित किंमत कोठें लिहिली आहे, विमा केव्हां संपतो, आणि केवळ थर्ड पार्टीचा विमा तर नाहीं ना, एवढें पाहून घ्यावें. तें विमापत्र वापरण्याची वेळ आपणांपैकीं कोणावरही न येवो.